सॅम्प्रसची रॅकेट : काय धरावे, काय सोडावे

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या आंतरवर्गीय टेनिस-सामन्यांत इयत्ता नववीतील एक विद्यार्थी पहिल्याच फेरीत पराभूत झाला. कोर्टाबाहेर येताच त्याने हातातील रॅकेट बाकावर टाकली आणि तिच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, जणू सर्व अपराध तिचाच होता. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आमच्या ओठांवर आली होती. परंतु हरलेल्या मुलास म्हण ऐकविणे हा काही शिक्षकाचा धर्म नव्हे, म्हणून आम्ही मौन धरिले. पुढच्याच आठवड्यात त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ बेताच्या मिळकतीचे. ते म्हणाले, "सर, मुलगा म्हणतो, मोठ्या खेळाडूंच्या हाती असते तशी रॅकेट असती, तर मी हरलो नसतो. दोन महिने ओढाताण करून घेईनही. पण तिने खरेच फरक पडतो काय, तेवढे सांगा."

प्रश्न साधा दिसला, तरी त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर भागण्यासारखे नव्हते. आम्ही त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली. ज्या एका खेळाडूची कारकीर्द आणि ज्याची रॅकेट यांचा विचार केल्यास या प्रश्नाच्या दोन्ही बाजू उत्तम रीतीने ध्यानी येतात, तो म्हणजे अमेरिकेचा पीट सॅम्प्रस. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या पुढे ठेवावी, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

सॅम्प्रसचा जन्म १२ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे झाला. त्याचे आईबाप मूळचे ग्रीक वंशाचे. घराच्या तळघरात पडलेली एक जुनी रॅकेट अगदी लहानपणी त्याच्या हाती लागली आणि भिंतीवर चेंडू मारीत बसण्याचा त्यास नाद लागला. १९७८ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियात राहावयास गेले. तेथील हवा उबदार, वर्षातील बहुतेक दिवस मोकळ्या मैदानावर खेळण्याजोगी. मुलाच्या नादास तेथे रीतसर शिक्षणाची जोड मिळाली. ऑस्ट्रेलियाचा थोर खेळाडू रॉड लेव्हर हा त्याचा आदर्श होता आणि वयाच्या अकराव्या वर्षी प्रत्यक्ष लेव्हरबरोबर चेंडू खेळण्याचे भाग्यही त्यास लाभले.

याच काळात एक गोष्ट घडली, ती विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावी. कारण या पाठाच्या शेवटी तिचा पुन्हा विचार करावयाचा आहे. सॅम्प्रस लहानपणी बॅकहँडचा फटका दोन्ही हातांनी मारीत असे आणि त्या फटक्यावर तो सामने जिंकतही असे. परंतु पुढे विंबल्डनच्या हिरवळीवर जिंकावयाचे असेल, तर हा फटका एका हाताने मारता आला पाहिजे, असे त्याच्या त्या वेळच्या मार्गदर्शकाचे मत पडले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने तो बदल केला. अंगवळणी पडलेला फटका सोडून नवा शिकणे म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने लिहू लागण्यासारखेच. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्या मुलांना तो पूर्वी सहज नमवीत असे, त्यांच्याकडून त्यास हार खावी लागली. तथापि मुलगा मागे फिरला नाही, आणि आईबापांनीही 'जुना फटकाच बरा होता' असा धोशा लाविला नाही.

१९८८ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो व्यावसायिक खेळाडू झाला. १९९० मध्ये अमेरिकन ओपन ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षे आणि काही दिवस होते. इतक्या लहान वयात ती स्पर्धा जिंकणारा पुरुष खेळाडू त्यापूर्वी झाला नव्हता. पुढे १९९३ ते २००० या आठ वर्षांत एक १९९६ चे वर्ष सोडल्यास विंबल्डनचे विजेतेपद प्रत्येक वर्षी त्याचेच होते. अमेरिकन ओपन पाच वेळा, ऑस्ट्रेलियन ओपन दोन वेळा आणि विंबल्डन सात वेळा, अशी चौदा महान विजेतेपदे त्याने मिळविली. तो त्या काळचा विक्रम होता. १९९३ ते १९९८ अशी सलग सहा वर्षे त्याने वर्षअखेर जगातील पहिले स्थान राखिले.

आता त्याच्या रॅकेटकडे वळू. विल्सन कंपनीची 'प्रो स्टाफ' या नावाची ही रॅकेट. हिची चौकट ग्राफाइट आणि केवलार यांच्या धाग्यांची विणून केलेली होती. हिच्या डोक्याचे, म्हणजे तारांच्या जाळीचे, क्षेत्रफळ ८५ चौरस इंच. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यात तयार झालेल्या या रॅकेटांवर सॅम्प्रसचा विशेष विश्वास होता. त्याच नमुन्याच्या रॅकेटा पुढे अन्य देशांत तयार होऊ लागल्या, तरी तो त्या जुन्याच रॅकेटा जतन करून वापरीत राहिला. या रॅकेटची तीन वैशिष्ट्ये होती. त्या प्रत्येकात आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील एकेक धडा दडलेला आहे.

पहिले वैशिष्ट्य तिच्या वजनाचे. हल्ली प्रौढांसाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा रॅकेटा तारांवाचून ३०० ग्रॅमच्या आसपास असतात. सॅम्प्रसची रॅकेट तारा आणि शिसे मिळून ३८० ते ४०० ग्रॅमच्या घरात जाई. होय, शिसे! चौकटीच्या दोन्ही बाजूंस शिशाच्या पातळ चिकटपट्ट्या लावून ती मुद्दाम जड केली जात असे. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केली, तर तीन आणि नऊ हे आकडे जेथे येतात, त्या जागी या पट्ट्या असत. चेंडू जाळीच्या मध्यावर न बसता बाजूस बसला, म्हणजे रॅकेट हातात फिरू पाहते. त्या फिरण्यास होणारा विरोध हा वजनाच्या प्रमाणात वाढतोच, पण मध्यरेषेपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. म्हणजे मध्यरेषेपासून अडीच इंचांवर ठेवलेले एक ग्रॅम शिसे जे काम करील, त्याच्या चौपट काम तेच शिसे पाच इंचांवर करील. वजन किती, याइतकेच ते कोठे, यालाही महत्त्व आहे, ते असे.

दुसरे वैशिष्ट्य जाळीच्या ताणाचे. सॅम्प्रस गुरांच्या आतड्यांपासून केलेली बारीक तात वापरीत असे. फ्रान्समधील बाबोला हे घराणे १८७५ पासून अशी तात टेनिससाठी तयार करीत आले आहे. ही तात सॅम्प्रसच्या रॅकेटवर सुमारे ७५ पौंड, म्हणजे ३४ किलो, ताणाने बसविली जाई. पुष्कळ मुलांची समजूत अशी असते की, जाळी जितकी घट्ट तितका चेंडू अधिक वेगाने जातो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नवारीच्या सैल खाटेवर मूल उडी मारते, तेव्हा खाट त्यास वर उडविते. फळ्यांच्या पलंगावर ते तसे उडत नाही. सैल जाळी थोडी खोलगट होते आणि चेंडूची शक्ती त्यास परत देते. घट्ट जाळीवर चेंडूच अधिक चेपतो आणि त्याची पुष्कळशी शक्ती त्यातच नष्ट होते. तेव्हा घट्ट जाळी वेग देत नाही. ती देते तो ताबा. वेग खेळाडूने आपल्या खांद्यातून आणि पायांतून आणावयाचा. चेंडू जाळीस टेकून असतो तो सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या हिश्शाइतकाच काळ. तेवढ्या अवधीत तो कोणत्या दिशेस जाणार हे ठरते. इतक्या ताणावर बारीक तात फार टिकत नाही, म्हणून प्रत्येक सामन्यासाठी रॅकेटा नव्याने ताणून घ्याव्या लागत.

तिसरे वैशिष्ट्य डोक्याच्या लहानपणाचे. लाकडी रॅकेटांच्या काळी जाळीचे क्षेत्रफळ ६५ चौरस इंचांच्या आसपास असे. त्या मानाने ८५ हे मोठेच. परंतु १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांनी ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आणिली, तेव्हापासून खेळाडू हळूहळू मोठ्या डोक्याकडे वळले होते आणि सॅम्प्रसच्या उत्तरकाळात त्याची रॅकेट सर्वांत लहान डोक्यांच्या रॅकेटांपैकी एक ठरली. लहान जाळीवर अचूक बसलेला चेंडू खेळाडूच्या आज्ञेत राहतो. पण अचूक न बसल्यास ती क्षमा करीत नाही.

थोडक्यात, ही रॅकेट नवख्याच्या हाती दिली असता त्याचा खांदा दुखेल, चेंडू जाळ्यात जाईल आणि तो आपल्या जुन्या रॅकेटची आठवण काढील. सॅम्प्रसच्या हाती मात्र ती शोभे. कारण त्याची सर्व्हिस, सर्व्हिसमागून जाळ्याकडे धावणे आणि चेंडू टप्पा खाण्यापूर्वीच परतविणे, या त्याच्या खेळाच्या तिन्ही अंगांस स्थिरता आणि ताबा यांचीच गरज होती. विंबल्डनच्या हिरवळीवर चेंडू ठेंगणा आणि जलद उसळे. तेथे हात, रॅकेट आणि मैदान यांचा सुरेख मेळ बसला.

परंतु नुसत्या रॅकेटवर विजय मिळतात, असे कोणी समजू नये. १९९५ च्या जानेवारीत मेलबर्न येथे सॅम्प्रसचे शिक्षक टिम गलिक्सन एकाएकी आजारी पडले. मेंदूतील गाठीचा तो आजार होता. जिम कुरियरविरुद्धच्या सामन्यात पहिले दोन सेट गमावलेल्या सॅम्प्रसने पुढचे दोन जिंकून बरोबरी साधली होती. पाचव्या सेटमध्ये प्रेक्षकांतून कोणी त्याच्या शिक्षकांचे नाव काढले आणि त्याला भर कोर्टावर रडू कोसळले. डोळे पुशीत तो खेळत राहिला आणि तो सामना त्याने जिंकला. गलिक्सन ३ मे १९९६ रोजी निवर्तले. शिक्षकावर एवढी माया करणारा शिष्य पाहिला, म्हणजे आमच्यासारख्यांचा कंठ दाटून येतो, हे आम्ही लपवीत नाही.

तसेच उत्तम साधन हाती असलेला खेळाडू अजिंक्य असतो, असेही नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे आपल्या लिअँडर पेसने सॅम्प्रसला ६-३, ६-४ असे सरळ हरविले. लिअँडरचा जन्म कलकत्त्याचा. त्याचे वडील, ऑलिंपिक हॉकीपटू डॉ. वेस पेस, मूळचे गोव्याचे. मानांकनात फार खाली असलेल्या लिअँडरने चपळ पाय आणि जाळ्याजवळील हलका हात यांच्या बळावर तो दिवस आपला केला.

सॅम्प्रसच्या यशाच्या यादीत मोठ्या चार स्पर्धांपैकी एकीचे नाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पॅरिसची फ्रेंच ओपन ही स्पर्धा तो तेरा वेळा खेळला. एकदाही जिंकला नाही. १९९६ मध्ये गलिक्सन यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच तो तेथे उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तेथे येव्हगेनी काफेल्निकोव्हकडून हरला. हीच त्याची तेथील सर्वोत्तम मजल. पॅरिसचे कोर्ट तांबड्या मातीचे. त्या मातीवर चेंडूचा वेग मंदावतो आणि फिरकी दिलेला चेंडू खांद्यापर्यंत उसळतो. खांद्याच्या उंचीवरचा चेंडू एका हाताने, जड रॅकेटने आणि लहान जाळीच्या अचूक मध्यावर झेलणे किती कठीण, हे सांगावयास नको. त्यातच १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेनने पॉलिएस्टरच्या नव्या तारा वापरून ती स्पर्धा जिंकली. या तारांमुळे चेंडूस अधिक फिरकी देता येऊ लागली आणि खेळाचे रूप पालटू लागले. सॅम्प्रसची रॅकेट मात्र तीच, तात तीच आणि ताणही तोच राहिला.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. पॅरिसमधील अपयशाचा सर्व दोष रॅकेटच्या माथी मारणे बरोबर नव्हे. सॅम्प्रसला थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष होता. त्यामुळे उन्हात दीर्घकाळ चालणाऱ्या सामन्यांत त्यास थकवा येई, आणि मातीवरचे सामने तर लांबतातच. तथापि निवृत्तीनंतर खुद्द सॅम्प्रसनेच मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे की, मोठ्या डोक्याची रॅकेट निदान मातीवर तरी वापरून पाहावयास हवी होती. आपण हट्टाने जुनीस चिकटून राहिलो. पुढे प्रदर्शनीय सामन्यांत तो किंचित मोठ्या डोक्याच्या रॅकेटने खेळलाही.

आता पूर्वीची ती गोष्ट आठवा. चौदाव्या वर्षी ज्या मुलाने जिंकून देणारा फटका सोडून हरविणारा फटका पत्करिला, त्याच मुलाला मोठेपणी, जगातील पहिल्या स्थानावर असता, रॅकेट बदलण्याचे धैर्य झाले नाही. मुलाजवळ गमावण्यासारखे थोडे होते. विजेत्याजवळ पुष्कळ होते. यश हे पराभवापेक्षा मनुष्यास अधिक घट्ट बांधून ठेविते, असा याचा अर्थ आम्ही करितो.

याच रॅकेटची दुसरी हकीकतही आहे. २००१ मध्ये विंबल्डनच्या चौथ्या फेरीत स्वित्झर्लंडच्या एकोणीस वर्षांच्या रॉजर फेडररने सॅम्प्रसला पाच सेटमध्ये हरविले. विशेष हे की, त्या दिवशी दोघांच्याही हाती तीच ८५ चौरस इंचांची प्रो स्टाफ होती! फेडरर पुढे ९० चौरस इंचांकडे वळला आणि त्या रॅकेटने त्याने बहुतेक सर्व मोठी विजेतेपदे मिळविली. २०१३ मध्ये त्याचे दिवस फिरले. विंबल्डनला तो दुसऱ्याच फेरीत हरला. तेव्हा, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने ९८ चौरस इंचांची रॅकेट वापरून पाहिली. दोन स्पर्धांत ती हाती घेऊन तो हरला आणि जुनीकडे परतला. परंतु प्रयत्न सोडला नाही. २०१४ च्या आरंभी त्याने ९७ चौरस इंचांची रॅकेट कायमची स्वीकारिली. फळ तत्काळ मिळाले नाही. तीन वर्षे गेली, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, सहा महिने विश्रांती झाली. आणि मग २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन व विंबल्डन आणि २०१८ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियन ओपन त्याने जिंकली. त्यात रॅकेटचा वाटा किती आणि विश्रांतीचा किती, हे कोण मोजणार? पण उसळत्या चेंडूवर त्याचा एका हाताचा बॅकहँड पूर्वीपेक्षा निर्धास्त झालेला साऱ्यांनी पाहिला.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी येथे एक उदाहरण सोडवून पाहावे. जाळी वर्तुळाकार आहे असे धरल्यास ८५ चौरस इंचांच्या जाळीचा व्यास १०.४ इंच येतो आणि ९७ चौरस इंचांच्या जाळीचा ११.१ इंच. म्हणजे ज्या बदलाविषयी आपण एवढा विचार करीत आहोत, तो रुंदीने पाऊण इंचाहूनही कमी आहे. पण क्षेत्रफळात मात्र सुमारे एक-सप्तमांशाची वाढ होते.

सॅम्प्रसच्या अखेरीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. २००० च्या विंबल्डन विजयाच्या दिवशी त्याचे आईबाप प्रेक्षकांत होते. ही मंडळी मुलाचे सामने पाहावयास सहसा येत नसत. त्या संध्याकाळी विजयी मुलगा प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून त्यांना जाऊन भेटला. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्यास एकही स्पर्धा जिंकता आली नाही. 'आता याने थांबावे' असे लोक उघड बोलू लागले. आणि २००२ च्या सप्टेंबरात, त्याच जुन्या रॅकेटने, आंद्रे आगासीला हरवून त्याने अमेरिकन ओपन पाचव्यांदा जिंकली. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. २००३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे एका बाजूस पॅरिस आणि दुसऱ्या बाजूस हा शेवटचा दिवस. एकाच निष्ठेची ही दोन फळे.

पवित्र शास्त्रातील दावीदाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. गल्याथाशी लढावयास निघालेल्या त्या पोरास शौल राजाने आपले चिलखत आणि तलवार दिली. दावीदाने ती अंगावर चढवून पाहिली, चालून पाहिले, आणि सवय नाही म्हणून उतरवून ठेविली. आपली गोफण आणि ओढ्यातील पाच गोटे घेऊन तो गेला. कथेचा एवढा भाग सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु पुढे वयात आल्यावर, संकटकाळी, हाच दावीद अहीमलेख याजकाकडे गेला आणि तेथे ठेवलेली गल्याथाची तलवार त्याने आनंदाने हाती घेतली, हे थोड्यांच्या ध्यानी असते. मुलगा असता जी वस्तू त्यास पेलत नव्हती, ती मनुष्य झाल्यावर पेलू लागली. गोफणीशी त्याने वैर केले नाही. पण गोफण हीच आपली एकमेव ओळख, असेही त्याने मानिले नाही.

आम्हां शिक्षकांसही हा पाठ लागू आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या टिपणवहीवरून आम्ही उत्तम शिकविले, तीच आजही पुरेल असे समजणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि प्रस्तुत लेखक त्यांच्यातून स्वतःस वगळीत नाही.

आता त्या गृहस्थांस आम्ही काय उत्तर दिले, ते सांगून हा लेख पुरा करितो. आम्ही त्यांना मुलाची रॅकेट घेऊन यावयास सांगितले आणि ती हातात घेऊन पाहिली. चौकट धड होती. वजनही त्या वयास योग्य होते. परंतु जाळी दोन वर्षांत एकदाही बदललेली नव्हती. तारा झिजून सैल पडल्या होत्या आणि मुठीवरची पट्टी गुळगुळीत झाली होती. म्हणजे अंगण अगदीच सरळ होते, असे नव्हे! आम्ही सांगितले, "नवी रॅकेट नको. नवी जाळी आणि मुठीची नवी पट्टी एवढेच करा. फार खर्च येणार नाही. उरलेल्या पैशांतून त्यास चांगले बूट घ्या." आणि मुलास म्हटले, "बाळ, तुझ्या बॅकहँडमध्ये दोष आहे. तो सुधारावयास घेतलास, म्हणजे पहिले दोन-तीन महिने तू आणखी हरशील. तयारी आहे काय?"

मुलाने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "हरू दे. मी काही बोलणार नाही."

या वर्षी तो कोर्टावर रोज दिसतो. अजून हरतोच, परंतु रॅकेट बाकावर टाकीत नाही.